जिमीचा ‘सॉल’ नेमका कधी झाला?

प्रश्न असा आलाय. तिघा मित्रांनी रात्र-रात्र जागून ‘बेटर कॉल सॉल’ संपवली (‘ब्रेकिंग बॅड’मधला लबाड वकील सॉल गुडमन आधी जिमी मॅगिल होता, त्याची गोष्ट) आणि आता ते भांडताहेत. एक म्हणतो, थोरला भाऊ चक घराच्या आगीत गेला तिथेच जिमी मॅगिल संपला, पुढचा सगळा सॉल गुडमन. दुसरी म्हणते, छे, चौथ्या सीझनच्या शेवटी तो वेगळ्या नावाने वकिली करायचा फॉर्म मागतो, तो क्षण. तिसऱ्याच्या मते त्याची जोडीदार किम, तीही वकीलच, बॅग भरून निघते तेव्हा. आणि मग मला विचारलंय: ‘तुम्ही मालिका लिहिता. शेवट सगळ्यांना माहीत असताना पात्राचा ग्राफ कसा काढतात? हे लोक सगळं आधीच ठरवून बसतात का?’

मी एकोणीस वर्षं मराठी दैनंदिन मालिका लिहितेय. आधी नुसते संवाद, मग पटकथा, आता दोन्ही. क्राइमही लिहिलाय, पण पोट भरलंय ते सासू-सुनांवर, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उत्तर लांबणार आहे. मालिका शेवटपर्यंत पाहिली नसेल तर इथेच थांबा, कारण मी काही झाकून ठेवणार नाहीये.

आधी ठरवण्याचं बघू, कारण त्याचं उत्तर सोपं आहे आणि लोकांना ते आवडत नाही. नाही, ठरवलेलं नसतं. सॉल गुडमन पहिल्यांदा दिसला 2009 साली, ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये. त्या एपिसोडचं नावच ‘बेटर कॉल सॉल’, आणि लिहिला होता पीटर गूल्डने. त्या मालिकेतले ड्रग्ज बनवणारे दोघे, वॉल्टर व्हाइट आणि जेसी, त्याला तोंड झाकून वाळवंटात नेतात, खणलेल्या खड्ड्यासमोर गुडघ्यांवर बसवतात, आणि हा घाबरून बरळतो, की मी नाही, तो इग्नासिओ होता, तुम्हाला लालोने नाही ना पाठवलं? बस्स. दोन नावं. त्या वेळी त्यांना काही अर्थ नव्हता. भेदरलेल्या माणसाच्या तोंडी काहीतरी घालायचं म्हणून घातलेली नावं. सहा वर्षांनी, 2015 मध्ये, व्हिन्स गिलिगन आणि त्याच गूल्डने जिमीची आधीची गोष्ट सुरू केली, तेव्हा इग्नासिओचा नाचो झाला. लालो तर 2018 मध्ये, चौथ्या सीझनमध्ये उगवला. एका वाक्यातून अख्खी दोन माणसं निघाली, आणि त्यातला एक तर टीव्हीवरचा सगळ्यात हसतमुख खुनी.

हे आम्हीही करतो, फक्त आमची कारणं इतकी उदात्त नसतात. चाळिसाव्या एपिसोडला कुणीतरी सहज ‘नागपूरचे मामा’ म्हणून गेलेलं असतं. सहाशेव्या एपिसोडला एका नटाला सिनेमा मिळतो, तो जातो, ट्रॅक रिकामा पडतो, आणि रात्री अकरा वाजता फोनवर क्रिएटिव्ह विचारतात, ‘ते मामा होते ना हो आपल्याकडे?’ मामा गाडीत बसतात. फरक एवढाच, की गूल्ड-गिलिगनच्या खोलीत बसलेल्यांना मामाचा विचार करायला महिने मिळतात आणि आम्हाला सकाळी सातचा कॉलटाइम गाठायचा असतो.

याहून मोठी गोष्ट चकची. सुरुवातीला खलनायक ठरला होता हॉवर्ड हॅमलिन, तो गुळगुळीत सूटवाला, केस बसवलेला, चकच्या वकिली फर्ममधला भागीदार. चक म्हणजे आजारी, हुशार, प्रेमळ मोठा भाऊ. पहिला सीझन लिहिता लिहिता, चक करणाऱ्या मायकल मॅकीनचं काम पाहता पाहता, लेखकांच्या लक्षात आलं की जिमीची वाट अडवणारा हॉवर्ड नाहीच, तो चक आहे. आणि अख्खी मालिका फिरली. मुळात त्यांचा अंदाज होता की पहिल्या सीझनअखेर जिमीचा सॉल होऊन जाईल. मग त्यांना जिमी आवडायला लागला आणि सॉल लांबला. लांबत लांबत सहा सीझन, 63 एपिसोड. मूळ ‘ब्रेकिंग बॅड’चे 62.

आता तुमचा खरा प्रश्न. नेमका कधी?

मला या धंद्यात शिकवणारे जे गृहस्थ होते, ते कुठलाही सीन वाचायला दिला की एकच विचारायचे: ‘हे कुणासमोर चाललंय?’ मी म्हणायचे, सर, ती एकटीच आहे खोलीत, रडतेय. ते म्हणायचे, ‘एकटं कुणी नसतं. रडणारा मनातल्या कुणाला तरी दाखवून रडतो. तो कोण ते लिही, मग अश्रू लिही.’ तेव्हा मला हे जरा नाटकी वाटायचं. ‘बेटर कॉल सॉल’ दुसऱ्यांदा पाहताना त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

जिमी हा माणूस दोनच जणांसमोर जिमी असतो. एक चक, दुसरी किम. बाकी जगासमोर तो कधीच जिमी नव्हता. शिकागोजवळच्या सिसरोत, तरुणपणी, बर्फावर मुद्दाम घसरून पडायचा आणि दुकानदारांकडून पैसे उकळायचा, तेव्हाही तो एक भूमिकाच करत होता. म्हणजे सॉल नंतर ‘तयार’ झालेला नाही, तो पहिल्यापासून घरात आहे. प्रश्न इतकाच, की त्याला बाहेरच्या खोलीत बसायला कधी मिळतं. ज्या दोन माणसांकडे बघून जिमी त्याला आत ढकलायचा, ती दोन माणसं एकेक करून उठून गेली. म्हणून तुमच्या तिघांच्याही तारखा बरोबर आहेत आणि कुठलीच एकटी पुरत नाही.

चकपासून बघा. चकला विजेची ॲलर्जी आहे असं त्याला वाटतं, घरात दिवे नाहीत, फोन नाही. जिमी रोज बर्फ, किराणा, वर्तमानपत्रं आणून देतो. दारात आपला मोबाइल काढून ठेवतो. चकच्याच फर्मच्या टपालखोलीत काम करता करता याने अमेरिकन सामोआच्या विद्यापीठातून पत्राद्वारे वकिलीची पदवी घेतली. कशासाठी? थोरला काय म्हणेल यासाठी. पहिल्या सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये कळतं की त्याला फर्ममध्ये येऊ देऊ नका हे हॉवर्डला चकनेच सांगितलं होतं. आणि चकच्या तोंडून निघतं, की तू खरा वकील नाहीसच. भांडण पैशाचं नाही, बाईचं नाही. एक भाऊ दुसऱ्याला म्हणतो, मी तुला ओळखतो, आणि तू तो नाहीस.

मग दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडची सुरुवात. आई हॉस्पिटलमध्ये. दोघं भाऊ उशाशी. जिमी खायला काहीतरी आणायला जातो. तेवढ्यात आई डोळे उघडते, म्हणते, ‘जिमी... जिमी...’ आणि जाते. समोर चक बसलेला. जिमी सँडविच घेऊन परत येतो, विचारतो, काही म्हणाली का? चक म्हणतो, नाही. दोन मिनिटांचा सीन असेल. आमच्याकडे हा असता तर पार्श्वसंगीत, तीन वेळा झूम, आईच्या फोटोवर हार, मग ब्रेक. तिथे चक नुसता मान हलवतो. पण त्या ‘नाही’नंतर चकने जिमीला काहीही केलं तरी त्याचं मूळ आपल्याला ठाऊक आहे. त्याला आयुष्यभर पहिला नंबर मिळाला आणि आईने मरताना दुसऱ्याचं नाव घेतलं.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी चक जिमीला सांगतो, की खरं सांगायचं तर तू मला कधी फारसा महत्त्वाचा नव्हतासच. त्याच एपिसोडच्या अखेरीस तो जातो. तुमच्यातल्या पहिल्याचं म्हणणं इथून येतं, आणि ते चूक नाही. पण जिमीचं काय होतं ते नीट बघा. चौथ्या सीझनमध्ये तो जवळजवळ रडतच नाही. गप्पा मारतो, मोबाइल विकतो, कामाला लागतो. आपल्याला वाटतं, हा दगड झाला. मी माझ्या एका ट्रॅकमध्ये वडील गेल्यावर मुलाला असं गप्प ठेवलं होतं, तर चॅनलकडून निरोप आला की प्रेक्षकांना मुलगा कृतघ्न वाटतोय, एक हंबरडा टाका. टाकला. ट्रॅक मेला.

आणि आता तुमच्या मैत्रिणीचा क्षण. चौथ्या सीझनचा शेवट, 2018. तो एपिसोड मी इतक्या वेळा थांबवून पाहिलाय की घरात चेष्टा होते. जिमीचं लायसन्स निलंबित आहे. आधीच्या सुनावणीत तो बोलला छान, पण चकचं नावही काढलं नाही, म्हणून समितीने त्याला प्रामाणिक मानलं नाही. आता अपील. तो चकने लिहिलेलं पत्र खिशातून काढतो, दोन ओळी वाचतो, थांबतो, पत्र बाजूला ठेवतो आणि मनातून बोलायला लागतो. भावाबद्दल, त्याच्या तोडीचं होता न येण्याबद्दल. आवाज फाटतो. मागे बसलेल्या किमचे डोळे भरतात. आपलेही भरतात. अखेर, अख्खा सीझन ज्याची वाट पाहिली ते रडू आलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर तो उड्या मारतो. बघितलंस का, म्हणतो, त्यातला एक तर रडत होता! सगळं नाटक होतं. किमचा चेहरा बघा, जिमीचा नको. तिच्या चेहऱ्यावर राग येत नाही. आधी हसू अर्धवट राहतं, मग डोळे त्याला शोधायला लागतात, जणू आत्तापर्यंत इथे एक माणूस उभा होता तो कुठे गेला. तेवढ्यात कारकून येतो, लायसन्सच्या कागदांचं सांगतो. जिमी म्हणतो, मला तो वेगळ्या नावाने व्यवसाय करायचा फॉर्मही लागेल. किम विचारते, म्हणजे काय? तो जाता जाता दोन बोटांची पिस्तुलं करतो आणि म्हणतो, ‘सॉल गुड, मॅन!’, म्हणजे ‘इट्स ऑल गुड, मॅन.’ सॉल गुडमन. नावातला हा फुसका विनोद आपल्याला नऊ वर्षं ठाऊक होता. पहिल्यांदा तो ऐकून पोटात गोळा येतो.

पण त्याच एपिसोडमध्ये, या सीनच्या आधी, आणखी एक सीन आहे आणि माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. चकच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती ठेवलीय, मुलाखती चालल्यात. एका मुलीवर दुकानातून चोरी केल्याची जुनी नोंद आहे. समितीत तिच्या बाजूने मत देणारा एकटा जिमी. ती नाकारली जाते. तो तिच्यामागे धावत जातो आणि सांगतो, की तुला हे लोक कधीच आत घेणार नाहीत, एक चूक झाली की झाली, त्यांचे नियम त्यांच्यासाठी, तू वाट्टेल ते कर पण जिंक. मुलगी गोंधळून निघून जाते. तो गाडीत बसतो. गाडी सुरू होत नाही. आणि तिथे, कुणीही बघत नसताना, तो रडतो. खरं रडतो.

म्हणजे खरं रडू कुणालाच दाखवलं नाही आणि दाखवलेलं रडू खोटं होतं. माझे सर असते तर म्हणाले असते, गाडीत तो एकटा नाही, चक शेजारी बसलाय. मला वाटतं, तो त्या मुलीच्या जागी स्वतःला आणि स्वतःच्या जागी चकला बघतो. चकसमोरचा जिमी गाडीत शेवटचा दिसतो. मग सुनावणीत तो चकच्या नावाचं भांडवल करतो. एकाच एपिसोडमध्ये.

मी स्वतः याच ठिकाणी तोंडावर आपटलेय, ते सांगते. एका मालिकेत एक काकू होती, खलनायिका, भयंकर चालली. चॅनल म्हणालं, तिचा भूतकाळ दाखवा, पंधरा एपिसोडचा फ्लॅशबॅक. मी लिहिलं: गरीब माहेर, पावसाळी रात्र, सासूने घराबाहेर काढलं, पोटातलं मूल गेलं, म्हणून काकू वाईट झाली. टीआरपी पडला तो पडला, पण एका बाईंनी कार्यक्रमात भेटून सांगितलं ते अजून टोचतं: ‘अहो, आधी ती मला घाबरवायची. आता तिची दया येते आणि दया आली की मी चॅनल बदलते.’ एक अपघात घडला आणि माणूस बदलला, हे गणित प्रेक्षकाला पटत नाही, कारण त्याच्या ओळखीतल्या कुणाचं तसं झालेलं नसतं. लोक हळूहळू बदलतात, आणि बहुतेकदा कुणीतरी बघायचं थांबवलं म्हणून.

तर किम. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये किम वेक्सलर कुठेच नाही. एक शब्द नाही. त्यामुळे सहा सीझन सगळ्यांनी एकच भीती बाळगली, की ही मरणार. लेखकांना ती भीती आयती मिळाली आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली, पण उत्तर वेगळं दिलं. कुठल्याही प्रीक्वेलमध्ये, म्हणजे मूळ मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेत, सगळ्यात मोकळं पात्र तेच, जे मूळ गोष्टीत नाही. जिमीला ठरलेल्या जागी पोचायचंय, त्याचं तिकीट काढलेलं आहे. किमकडे तिकीट नाही. म्हणून ग्राफ खऱ्या अर्थाने तिचा आहे, आणि रे सीहॉर्नने तो ज्या ताकदीने पेललाय त्याला तोड नाही. (या मालिकेला एमीची 53 नामांकनं मिळाली आणि पुरस्कार शून्य. आपल्याकडे पुरस्कारांवर संशय घेणाऱ्यांनी ही संख्या लक्षात ठेवावी.)

एक वस्तू घ्या. कॉफीचा मग. दुसऱ्या सीझनमध्ये जिमीला बड्या फर्ममध्ये नोकरी लागते तेव्हा किम त्याला देते. ‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम वकील.’ पहिल्या क्रमांकाची कोण ते सांगायला नको. कंपनीने दिलेल्या भारी गाडीत तो मग कपहोल्डरमध्ये बसतच नाही. रोज सकाळी तो बसवायला बघतो, बसत नाही. शेवटी एके दिवशी तो होल्डरच ठोकून तोडतो. त्याच्या जुन्या पिवळ्या सुझुकीत मात्र मग बसतो. या मगबद्दल कुणी एक संवादही बोलत नाही, पण ही नोकरी त्याला मानवणार नाही हे कळलं. पुढे लायसन्स परत मिळाल्यावर असाच दुसरा मग येतो. पाचव्या सीझनमध्ये तो वाळवंटात लालोसाठी पैशाच्या बॅगा घेऊन जातो, गोळीबार होतो, आणि एक गोळी त्या मगमधून आरपार जाते. घरी येऊन तो किमला सांगतो, गाडी बिघडली होती, चालत आलो. नंतर मग तिच्या हाती लागतो. ती भोकाकडे बघते. विचारत नाही. मी असते तर नक्की तिच्या तोंडी एक वाक्य घातलं असतं, आणि ते चुकलं असतं.

त्यानंतर उलटं घडतं. पाचव्या सीझनच्या शेवटी हॉवर्डला बरबाद करायची कल्पना किमची. जिमी म्हणतो, तू गंमत करतेयस ना? तर ती दोन बोटांची पिस्तुलं करून त्याच्याकडे रोखते. चौथ्या सीझनच्या कॉरिडॉरमधला इशारा, माणसं बदलून. बरेच चाहते म्हणाले, किम एकदम कशी बिघडली? एकदम नाही. आधीच एक सीन होऊन गेला होता: शाळकरी किम, हातात चेलो, दारू पिऊन न्यायला आलेल्या आईच्या गाडीत बसायला नकार देऊन अंधारात चालत निघते. आपल्याला वाटलं, किती खमकी मुलगी. मग सहाव्या सीझनमध्ये दुसरा: किमने दुकानातून कानातले उचलले, पकडली गेली, आईने दुकानदारासमोर तिला फाडून खाल्लं, आणि बाहेर आल्यावर हसत हसत तेच कानातले तिच्या हातात ठेवले. स्वतः ते उचलून आणले होते. ते कानातले किम मोठेपणीही घालते. शिस्त आणि चोरी, दोन्ही एकाच आईकडून आलेलं. जिमीबरोबर फसवाफसवी करताना तिच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो तो प्रेमाचा आहेच, पण त्यात ते कानातलेही चमकतात.

हॉवर्ड त्यांच्या घरी जाब विचारायला येतो, मेणबत्तीची ज्योत हलते, लालो आत येतो, आणि हॉवर्ड, ज्याचा या गुन्हेगारीशी काडीचा संबंध नाही, मरतो. हा तोच हॉवर्ड, मूळचा ठरलेला खलनायक. सहा सीझनमध्ये तो एकमेव सभ्य माणूस ठरला. पॅट्रिक फेबियनने सूट न बदलता हे कसं केलं ते अभिनय शिकणाऱ्यांनी बघावं.

मग तुमच्या तिसऱ्याचा क्षण. किम बॅग भरते. जिमी म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती म्हणते, माझंही आहे, पण त्याने काय होतं? आपण दोघं एकत्र आलो की लोकांचं वाटोळं होतं, आणि मला त्यात मजा येत होती. यानंतर एक कट. सकाळ. सोनेरी महाल, शेजारी अनोळखी बाई, कानात ब्लूटूथ, डोक्यावर टक्कल झाकणारे केस. सॉल गुडमन. मधली वर्षं गायब. परिवर्तनाचा सीन नाहीच! सहा सीझन आपण ज्याची वाट पाहिली तो क्षण त्यांनी कटच्या सांध्यात टाकला. पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतंच. खोलीतून किम गेली, बघणारं कुणी उरलं नाही, मग तो जिमी कुणासाठी राहणार?

आणि तरी लेखकांनी एक खूण ठेवली होती, तीही त्या सीझनच्या पहिल्याच मिनिटांत. सॉलचा तो महाल जप्त होतोय, सामान ट्रकमध्ये भरतायत, आणि एका कपाटातून टकिलाच्या बाटलीचं बूच घरंगळत रस्त्याच्या कडेला पडतं. दुसऱ्या सीझनमध्ये जिमी-किमने एका माणसाला फसवून प्यायलेल्या महागड्या टकिलाचं ते बूच. इतक्या सोन्याच्या कचऱ्यात त्याने ते जपून ठेवलं होतं. गटारात गेलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सॉलची कामं करणाऱ्या माजी पोलिस माइकचं मूळ पहिल्याच सीझनच्या सहाव्या एपिसोडमध्ये येऊन जातं, फिलाडेल्फियातला मुलगा, ‘मी माझ्या पोराला मोडलं’ ही कबुली, जोनाथन बँक्सचं थरथरणारं तोंड. तो एपिसोड अप्रतिम आहे, पण त्यानंतर माइकचा ग्राफ जवळजवळ सपाट जातो, कारण त्याला जिथे जायचंय तिथे तो पोचलेलाच आहे. ड्रग्जच्या धंद्यातल्या गस फ्रिंगचंही तसंच. चाहत्यांना ते दोघं हवे होते म्हणून आहेत. टेकू म्हणा. आणि हो, तरुणपणचे सीन करताना सगळे नट ‘ब्रेकिंग बॅड’पेक्षा थोराड दिसतात, त्याला इलाज नाही. आपल्याकडे पंचेचाळिशीतला नायक कॉलेजात जातो, आपण कुणाला हसायचं!

सगळ्या प्रीक्वेलना असंच करावं लागतं का, तर नाही. ब्रिटनमधली ‘एन्डेव्हर’ घ्या, 2012 ते 2023, जुन्या ‘इन्स्पेक्टर मोर्स’ मालिकेतल्या पोलिस डिटेक्टिव्हच्या तरुणपणाची, ऑक्सफर्डमधली. तिथे शेवट म्हणजे गुन्हा नाही, सवयींची पोतडी आहे: बिअर, ऑपेरा, शब्दकोडी, एकटेपणा. धोका हा, की प्रत्येक एपिसोडमध्ये एकेक सवय चिकटवत जायचं. पहिल्या भागाच्या शेवटी तर तरुण मोर्स गाडीच्या आरशात बघतो आणि आरशात जुन्या मोर्सचे, जॉन थॉचे डोळे दिसतात. टाळ्यांचा शॉट, पण तो एकदाच घेता येतो. मालिका उभी राहिली ती मोर्सच्या साहेबामुळे, फ्रेड थर्सडेमुळे. साहेबांच्या बायकोने डब्यात कुठल्या वारी कुठलं सँडविच दिलंय हे मोर्स न उघडता सांगतो, आणि थर्सडे वैतागतो. जुन्या मालिकेत म्हातारा मोर्स या बापासारख्या साहेबाचं नाव एकदाही काढत नाही. का नाही काढत? अख्खी ‘एन्डेव्हर’ त्या गप्प बसण्यावर चालते. पुन्हा तेच: मूळ गोष्टीत नसलेला माणूस सगळं वजन उचलतो.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ने हे केलं ते लोक विसरतात. 2016 च्या पहिल्या भागात मालिका सुरू होते तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. 2019 च्या दुसऱ्या भागात अण्णा जिवंत, नाईकांचा वाडा भरलेला. माधव अभ्यंकरांचे अण्णा पडद्यावर आले की घराघरात शिव्या आणि कौतुक एकाच दमात निघायचं. शेवट माहीत होता म्हणून कुणी टीव्ही बंद केला नाही. अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंताने तर अण्णांना प्रेक्षक मिळवून दिला, माझ्या सरांच्या अर्थाने. अण्णा तिच्यासमोर जे होते ते माईसमोर नव्हते. दैनंदिन मालिकेच्या रेट्यात ही रेघ दीडेक वर्ष सांभाळणं काय असतं, ते मला विचारा.

शेवटाकडे येते. ‘ब्रेकिंग बॅड’नंतर लपून राहिलेला सॉल पकडला गेल्यावर सरकारी वकिलांशी असा सौदा करतो की जन्मठेपेची शिक्षा सात वर्षांवर येते. मग कोर्टात किम मागे येऊन बसते. तो वळून बघतो. आणि उभा राहून सगळं कबूल करतो, वॉल्टर व्हाइटचं, पैशाचं, आणि चकचंही: त्याच्या व्यवसायाचा विमा मी बंद करवला आणि त्यातून तो गेला. शेजारचा वकील म्हणतो, अरे, भावाचं ते काही गुन्हाच नव्हता. हा म्हणतो, होता. न्यायाधीश त्याला मिस्टर गुडमन म्हणतात, तो दुरुस्त करतो: नाव मॅगिल आहे. एका दमात दोन्ही प्रेक्षक परत आले, एक मेलेला, एक मागच्या बाकावर. 86 वर्षांची शिक्षा होते.

तुम्ही तिघांनी वाद मिटवायचा असेल तर त्यानंतरचा भाग परत लावा. तुरुंगाच्या बसमध्ये कैदी त्याला ओळखतात, ‘बेटर कॉल सॉल’चा घोष करतात. तो म्हणतो, मी मॅगिल. कुणी ऐकत नाही. भटारखान्यात पीठ मळतानाही सगळे सॉलच म्हणतात, आणि तो आता दुरुस्त करत नाही. मग शिपाई येऊन सांगतो, सॉल, तुझी वकील आलीय. आत किम बसलेली, जुन्या ओळखपत्रावर घुसलेली. ती म्हणते, ‘हाय, जिमी.’ दोघं भिंतीला टेकून एकच सिगरेट ओढतात, अगदी पहिल्या एपिसोडात पार्किंगमध्ये ओढली होती तशी.

‘सात वर्षांवर आणलं होतंस,’ ती म्हणते.

‘हो. आणलं होतं.’